विचारपूस

रमझान दोन दिवसांवर आला होता, तेव्हा अलिया अब्दुल नूर गेली. ४ मे २०१९, शनिवार. अल ऐनचं तवाम रुग्णालय. स्तनाचा कर्करोग अंगभर पसरलेला, इलाजाच्या पलीकडे गेलेला, आणि तरीही हातापायांत बेड्या, खाटेला साखळी, दाराशी हत्यारबंद पहारा. घरच्यांनी भेटीला गेल्यावर ते पाहिलं होतं आणि जगाला सांगितलं होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क तज्ज्ञांनी संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारला जाहीर विनंती केली होती की हिला सोडा, शेवटचे दिवस तरी मानाने जाऊ द्या. सोडलं नाही. चाळिशी नुकती ओलांडलेली, आधाराशिवाय उभंही राहता न येणारी बाई कैदी म्हणूनच गेली.

आम्ही तेव्हा दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत राहत होतो. शहराच्या कडेला, वारसानच्या वाळूत उभी केलेली ही कमी भाड्याची वस्ती. इमारतींच्या गटांना देशांची नावं दिलेली: चायना, पर्शिया, इंग्लंड, फ्रान्स, रशिया, ग्रीस, मोरोक्को. त्यामुळे ‘मी रशियात राहते, ती ग्रीसमध्ये’ असं तिथे सहज बोललं जातं. आत मात्र सगळे देश सारखेच. हॉलमध्ये पार्टिशन टाकून थाटलेली दोन बिऱ्हाडं, खोलीत लोखंडी दुमजली पलंग, खांबांवर बेड स्पेसच्या, म्हणजे एकेक खाट भाड्याने देण्याच्या, चिठ्ठ्या. वारा फिरला की अवीरच्या सांडपाणी केंद्राचा वास घरात शिरतो आणि गॅलरीतले कपडे घाईने आत घ्यावे लागतात. त्या आठवड्यात सुपरमार्केटच्या दाराशी व्हिम्टो सरबताच्या बाटल्यांचे मनोरे रचलेले होते, खजुरांच्या पेट्या उघडून ठेवलेल्या, गॅलऱ्यांमध्ये चंद्रकोरीच्या दिव्यांच्या माळा. २०१९ हे वर्ष देशाने ‘सहिष्णुता वर्ष’ म्हणून जाहीर केलं होतं. फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस अबुधाबीला येऊन गेले, झायेद स्पोर्ट्स सिटीत त्यांच्या प्रार्थनेला लाखाहून अधिक माणसं जमली. रमझानच्या तोंडावर राष्ट्राध्यक्षांनी ३,००५ कैद्यांना माफी दिली. त्यांत अलिया नव्हती.

अलिया तिथलीच, एमिराती. आपल्याकडच्या माणसांना तिथल्या स्थानिक बायका कितपत माहीत असतात? देशाच्या लोकसंख्येत एमिराती जेमतेम दहा-बारा टक्के. भारतीय एकटेच ३५ लाखांहून अधिक. एमिराती बाई आपल्याला भेटते ती काउंटरच्या पलीकडे. काळ्या अबायाची बाही, मनगटावर घड्याळ, बोटांवर गडद मेंदी, आणि आपल्या कागदावर पडणारा शिक्का. मग आपण बाहेर येऊन म्हणतो, यांना काय कमी आहे? घर सरकारचं, नोकरी सरकारची, मुलांच्या शिक्षणाची चिंता नाही. हे वाक्य इंटरनॅशनल सिटीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर दिवसातून कितीदा तरी बोललं जात असेल. यांना काय कमी आहे.

कमी होतं ते त्यांनीच एकदा लिहून मागितलं होतं. ३ मार्च २०११ रोजी १३३ नागरिकांनी राष्ट्राध्यक्षांना अर्ज केला: फेडरल नॅशनल कौन्सिल ही देशाची संसद पूर्णपणे मतदानाने निवडा आणि तिला कायदे करण्याचा खरा अधिकार द्या. प्राध्यापक, वकील, माजी न्यायाधीश, लेखक अशी माणसं होती ती. पुढच्या वर्षभरात धरपकड सुरू झाली आणि मार्च २०१३ मध्ये ९४ जणांवर अबुधाबीत एकत्र खटला उभा राहिला. आरोप, सरकार उलथवण्याचा कट. त्या ९४ जणांत १३ बायका होत्या. २ जुलै २०१३ रोजी निकाल लागला. तेराही जणी सुटल्या, ६९ पुरुष दोषी ठरले, काहींना सात, बहुतेकांना दहा, जे देशाबाहेर होते त्यांना पंधरा वर्षं.

खटला संपला, पण माणूस आत गेला की घरातल्या बाईचं काम तिथून पुढे सुरू होतं. भेट कधी, कपडे पोचले का, औषध देतात का, फोन का आला नाही. हे काम कुठल्याही देशात बायकाच करतात आणि ते करता करता त्यांना बोलावं लागतं. दोषी ठरलेल्यांत डॉ. इसा अल सुवैदी होते. अस्मा, मरियम आणि अल याझिया या त्यांच्या तिघी बहिणी. भावावर अन्याय झालाय, असं त्यांनी ट्विटरवर लिहिलं. १५ फेब्रुवारी २०१५ रोजी अबुधाबीच्या पोलीस ठाण्यात तिघींना बोलावणं आलं. त्या गेल्या आणि परत आल्या नाहीत. मुली ठीक आहेत, एवढाच एक निरोप आईला फोनवर मिळाला. मुलगा आधीच तुरुंगात, आता तिन्ही मुली कुठे आहेत याचा पत्ता नाही. तीन महिन्यांनी, १५ मे रोजी, त्यांना घरी सोडलं. आरोप ठेवलाच नाही. त्या आईने ते तीन महिने काय केलं असेल, याचा विचार माझ्याने पुरा होत नाही. आपली आई काय करते? दाराकडे तोंड करून बसते, स्वयंपाक जास्तीचा करते.

त्या घरात मुली परतल्या त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, जुलै २०१५ च्या अखेरीस, अलियाला घरातून उचललं. पुढे कित्येक महिने घरच्यांना काही कळवलं नाही. पूर्वी एकदा कर्करोगातून उठलेली बाई ती. अटकेनंतर थोड्याच दिवसांत आजार पुन्हा उलटला. डोळ्यांवर पट्टी बांधून चौकशी, धमक्या, मग एका कागदावर कबुलीची सही. २०१७ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, ‘दहशतवादाला अर्थपुरवठा’ या आरोपाखाली. तिने केलं होतं ते असं: युद्धात होरपळलेल्या सिरियाच्या बायकामुलांसाठी आणि अमिरातीतल्याच काही गरजू कुटुंबांसाठी पैसे गोळा केले होते. सरकार म्हणत राहिलं की तिला उपचार दिले, नाकारले तिनेच. घरचे म्हणत राहिले की नकाराच्या कागदावर तिच्याकडून जबरदस्तीने सही घेतली. दोन्ही बाजू मांडल्या की पारडी समान होतात असं मला वाटत नाही. ज्या कैदी बाईला खाटेला बांधून ठेवलंय, तिने सही केलेल्या कागदाला मी तरी किंमत देणार नाही.

पैसे गोळा करणं म्हणजे काय, हे इंटरनॅशनल सिटीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तिथे माणूस मरतो तेव्हा एकटा मरतो. रात्री झोपलेला गडी सकाळच्या पाळीला उठत नाही, आणि दुमजली पलंगावरचा वरचा सोबती त्याला हाक मारत राहतो. मग पोलीस, दवाखाना, पासपोर्ट रद्द करणं, वकिलातीचा कागद, सोनापूरच्या केंद्रात देहाला औषधं भरणं, पेटी, विमानाचं कार्गो. कंपनी चांगली असेल तर सगळं करते. नसेल तर गावाकडे म्हातारीला शेवटचं तोंड दिसावं म्हणून खोलीतली माणसं पन्नास-पन्नास, शंभर-शंभर दिरहम काढतात. कुणीतरी वहीच्या मागच्या पानावर नावं लिहितो. शेजारच्या इमारतीतला पाकिस्तानी इस्त्रीवाला देतो, नेपाळी वॉचमन देतो, खालच्या दुकानातला मल्याळी देतो आणि नाव लिहू नका म्हणतो. २०१५ पासून दुबईत परवानगीशिवाय देणगी गोळा करण्याला मनाई आहे. माणसं हे जाणतात, आवाज खाली करतात, तरीही काढतात. दारात मढं असताना दुसरं काय करणार?

अलिया, तुझ्याबद्दल मला कळलं ते वाचून, ते सुद्धा तू गेल्यावर. पण तुझी ती वही मी ओळखते. बाईच्या हातात घरखर्चातून उरलेले पैसे असतात, दुसऱ्या बाईकडून आणलेले असतात, आणि कुठल्या घरात किती तोंडं आहेत याचा हिशेब तिच्या डोक्यात असतो. सिरियातून कुणाची बातमी आली की तू विचारलं असशील, मुलं किती, धाकटं केवढं, दूध मिळतंय का. सरकारने तुझ्या या चौकशीला नाव दिलं ते दिलं. मला ते मान्य नाही. एवढं म्हणायला मला आता ठाण्याच्या घरात बसावं लागतं, हेही इथे लिहून ठेवते.

आपल्या इतिहासाशी हे जुळवून पाहण्याचा मोह होतो आणि तो मी आवरत नाही, कारण आणीबाणी आपल्याकडे आता भाषणाच्या दाखल्यापुरती उरली आहे. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. चंडीगडच्या स्थानबद्धतेत जयप्रकाश नारायणांची मूत्रपिंडं निकामी झाली होती, नोव्हेंबरात त्यांना सोडलं होतं आणि ते मुंबईत जसलोकमध्ये होते. त्या मांडवात दुर्गाबाईंनी त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितली. एका आजारी म्हाताऱ्या माणसाला बरं वाटो, एवढंच. त्या गप्प बसत नाहीत म्हणून पुढच्या वर्षी त्यांनाही तुरुंगात टाकलं. एशियाटिकच्या वाचनालयात ग्रंथांत रमलेली, लोककथा आणि ऋतूंवर लिहिणारी ती बाई सरकारला धोक्याची वाटली.

आणि स्नेहलता रेड्डी. ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटातली नायिका, समाजवादी चळवळीतली, दम्याची रोगी. मे १९७६ मध्ये पकडली आणि बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली ठेवली. दम्याच्या माणसाला रात्र किती लांब असते, हे घरात दमेकरी असलेल्यालाच कळतं. उशा रचून बसायचं, खिडकीकडे तोंड करायचं, पाठीवर कुणाचा तरी हात हवा असतो. कोठडीत तो हात नसतो. त्याच कारागृहात राजापूरचे खासदार मधु दंडवते होते. रात्रीच्या शांततेत स्नेहलताच्या किंकाळ्या त्यांना आपल्या कोठडीत ऐकू यायच्या, हे त्यांनी नंतर लिहून ठेवलं. त्यांच्या स्वतःच्या पत्नी, प्रमिलाताई, त्या वेळी येरवड्यात होत्या. एक बाई भिंतीपलीकडे श्वासासाठी झगडतेय आणि आपली बाई दुसऱ्या गावच्या तुरुंगात कशी आहे, हे फक्त पत्रातून कळतंय, अशा रात्री कोकणच्या त्या खासदाराने काढल्या. स्नेहलताला १५ जानेवारी १९७७ ला पॅरोलवर बाहेर काढलं, फुप्फुसं संपल्यावर. २० जानेवारीला ती गेली. पाच दिवस घर मिळालं तिला. अलियाला तेवढंही नाही.

आणि हे फक्त तेव्हाचं, असंही मानायला जागा नाही. नागपूर विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या शोमा सेन यांना निवृत्ती दोन महिन्यांवर असताना, ६ जून २०१८ रोजी, भीमा कोरेगाव प्रकरणात यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. सांधेदुखी, काचबिंदू घेऊन त्या आधी येरवड्यात, मग भायखळ्याच्या तुरुंगात राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला तो ५ एप्रिल २०२४ ला. तोवर आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. आपल्याकडे निदान न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभं राहून हे ओरडून सांगता येतं, छापता येतं, आणि त्याची मला फार किंमत वाटते. पण सहा वर्षं गेली ती गेलीच.

इंटरनॅशनल सिटीपासून दुबईचा मध्यवर्ती तुरुंग लांब नाही. अवीरच्या घाऊक बाजारात मेथीच्या जुड्या आणि कांद्याचं पोतं आणायला आपण जातो, त्याच अंगाला आहे. रस्ता मोठा, दिवे भरपूर, भिंती उंच, आणि कुणाची किंकाळी कुणाच्या कानावर पडेल अशी रचनाच नाही. फोनवर कुणी सरकारचं नाव काढलं की पलीकडून लगेच येतं, ‘अगं, ठेव, घरी बोलू.’ मराठी मंडळाच्या ग्रुपवर दर काही दिवसांनी सूचना फिरते, राजकारणावर काही टाकू नका. माणसांना भित्री म्हणणं सोपं आहे. विझा नवऱ्याच्या कंपनीवर, मुलांची शाळा विझ्यावर, गावाकडचं कर्ज पगारावर. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशी कामगार अमिरातीत रस्त्यावर उतरले, तेही आपल्याच मायदेशातल्या सरकारविरुद्ध. दोन दिवसांत ५७ जणांना शिक्षा झाल्या, तिघांना जन्मठेप. ढाक्यात सत्ता पालटली आणि सप्टेंबरात त्यांना माफी मिळाली, म्हणून बरं. आमच्या वस्तीत बांगलादेशी पुष्कळ. त्यांच्या खोल्याखोल्यांतून ते दिवस कसे गेले असतील, हे त्या जिन्यांवरून चढ-उतार केलेल्या माणसाला सांगायला नको.

अबुधाबी शहराबाहेर अल वथबा नावाचं ठिकाण आहे. आपली माणसं थंडीत तिथे पक्षी बघायला जातात. खारट पाण्याचं तळं, कडेला लाकडी पायवाट आणि पाण्यात चोच खुपसून उभे असलेले शेकडो रोहित, आपल्या ठाण्याच्या खाडीत येतात तसेच. आम्हीही गेलो होतो, डब्यात पोळीभाजी घेऊन. दुर्बिणीतून एक पक्षी कितीतरी वेळ पाहत बसले होते. एक पाय पोटाशी घेतलेला, पंखाच्या कडेला आतला लाल रंग किंचित दिसतोय, तळ्यावर उन्हाची चमक. त्याच अल वथबामध्ये तुरुंगही आहे. अलियाला तिथे ठेवलं होतं. अमीना अल अब्दूलीला आणि मरियम अल बलूशीलाही.

अमीना शाळेत शिकवायची. पाच मुलांची आई. तिचे वडील सिरियाच्या युद्धात मारले गेले होते. तिच्या ट्विटर खात्यांवरच्या मजकुरातून राज्याविरुद्ध द्वेष पसरवला, खोटी माहिती दिली, असे आरोप ठेवून तिला पाच वर्षं दिली. मरियम कल्बाच्या तंत्रमहाविद्यालयात शिकत होती, एकोणीस वर्षांची. तिने एका सिरियन कुटुंबाला २,३०० दिरहम दिले होते. इंटरनॅशनल सिटीतल्या एका बेड स्पेसचं दोन-तीन महिन्यांचं भाडं तेवढं होतं. दहशतवादाला अर्थपुरवठा, पाच वर्षं. दोघींनाही नोव्हेंबर २०१५ मध्ये पकडलं. त्याच महिन्यात डॉ. अमल अल कुबैसी फेडरल नॅशनल कौन्सिलच्या अध्यक्षा झाल्या, अरब जगात संसदेच्या अध्यक्षपदी बसलेली पहिली बाई म्हणून जगभर त्यांचे फोटो छापून आले. त्यांचा तो मान खराच होता. चार वर्षांपूर्वी १३३ जणांनी जिच्यासाठी अर्ज केला होता, तीच ही कौन्सिल.

आत असताना अमीना आणि मरियम बोलल्या. त्यांच्या आवाजाच्या ध्वनिफिती तुरुंगाबाहेर पोचल्या आणि २०१८ मध्ये जगाने त्या ऐकल्या. मारहाण, डोळ्यांवरची पट्टी, धमक्या, आजारपणात न मिळालेला डॉक्टर. चांगल्या शिक्षिकेच्या सवयीने अमीनाने सगळं सांगितलं होतं आणि मरियमने विशीतल्या मुलीच्या आवाजात. मार्च २०२० मध्ये मरियमने कोठडीत हाताची नस कापून घेतली. वाचली. १९ नोव्हेंबर २०२० ला दोघींची पाच वर्षं पूर्ण झाली. घरी पाठवलं नाही. ध्वनिफितींवरून नवा खटला भरला होता: खोटी माहिती पसरवून सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवणं. २८ एप्रिल २०२१ रोजी अबुधाबीत निकाल लागला आणि तुरुंगात आपण कशा आहोत हे सांगितल्याबद्दल त्या दोघींना आणखी तीन-तीन वर्षं सुनावली गेली.